५ एचपीचा सोलर पंप: पाणी कसंय आणि पैसा कुठं जातोय

सोलर घ्यावा का नाई, हे फोनवर सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो, वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

आमचं वावर बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, चार एकराच्या आत-बाहेर, एक विहीर, उन्हाळ्यात पाणी पन्नास-साठ फुटावर जातं. खरिपाला सोयाबीन-तूर, रब्बीला हरभरा, थोडा घास. पंप ५ एचपी एसी सबमर्सिबल, वर ५४० वॅटचे ९ पॅनल म्हणजे ४८६० वॅट, कंट्रोलरची पेटी (पॅनलची वीज मोटारीला चालेल अशी करून देते ती), लोखंडी स्ट्रक्चर, आभाळातली वीज पडली तरी नुकसान होऊ नये म्हणून अरेस्टर आणि अर्थिंग. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून घेतला, त्यात शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के असतो, एससी-एसटी असाल तर ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्याच्या वर ७.५ असं गणित आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, विचारूही नका, कारण पुढं जरा शिव्या येणारेत.

आधी पाणी. हिवाळ्यात आभाळ मोकळं असलं की साडेआठ-नऊला मोटार आपोआप चालू होते पण तेव्हा पाण्यात जीव नसतो, पाईपाच्या तोंडाशीच पडतं. दहाच्या पुढं खरी धार लागते, अडीच इंची पाईप भरून चालतो आणि साडेतीनपर्यंत टिकतो, मग हळूहळू उतरत जातो. एका दिवसात हरभऱ्याचं अर्धं-पाऊण एकर आरामात भिजतं. पण तुषार लावणाऱ्यांनी नीट ऐका, दुपारी भर उन्हात स्प्रिंकलर मस्त फिरतात, आणि एक ढग आडवा आला की प्रेशर पडतं, नोझल जागच्या जागी उभे राहतात, आणि ढग गेला की परत फिरायला लागतात. दिवसभर हेच चालतं, त्यामुळं ज्या पट्ट्यावर ढग आला तो पट्टा कोरडाच राहतो. ठिबक असेल किंवा आधी हौदात पाणी पाडून मग सोडणार असाल तर काहीच त्रास नाई.

आता उन्हाळा. मे महिन्यात ४२-४३ डिग्री म्हणजे पॅनल नुसता पेटलेला असेल असं सगळ्यांनाच वाटतं, आमच्या शेजाऱ्याला तर खात्रीच होती. उलटं आहे. पॅनलवर जे ५४० वॅट लिहिलेलं असतं ते सेल (पॅनलमधले वीज बनवणारे चौकोन) २५ डिग्रीवर ठेवून मोजलेलं असतं, आपल्याकडं मे मधे दुपारी तोच सेल ६५ पर्यंत तापतो आणि दर डिग्रीला ०.३५ टक्क्याच्या आसपास पॉवर उतरते, म्हणजे ४० डिग्रीचे १४ टक्के गेलेच. पॅनलला उजेड पाहिजे, धग नको. त्यात आपल्याकडची धूळ. पॅनल सकाळी गार असतानाच धुवायचे, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकायची भीती असते.

हमखास येणारा प्रश्न म्हणजे ७.५ एचपीपर्यंत लाईटबिल २०२४ पासून माफ आहे, मग सोलर कशाला? बरोबर प्रश्न आहे. पण बिल माफ झालं म्हणून लाईट दिवसा येत नाई हो. रातच्या पाळीला दारं धरायला जाणं काय असतं ते ज्यानं डिसेंबरात हरभऱ्यात केलंय त्यालाच माहीत, हातात बॅटरी, पायात चिखल आणि डोक्यात सापाचा विचार. शिवाय डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की वर्गणी काढा, चकरा मारा. सोलर घ्यायचं कारण हे एवढंच आहे, पैसे वाचणं वगैरे दुसऱ्या नंबरला. ज्यांचं अजून डिझेल इंजिन चालू आहे त्यांच्यासाठी मात्र पैशाचाच हिशोब आहे आणि तो एकदम सरळ आहे.

आता जरा लांबचं लिहितो, ज्यांना फक्त पंपाचं पाहिजे त्यांनी पुढं उडी मारा. पण मला वाटतं पंपाचा खरा रिव्ह्यू इथंच आहे.

फिटिंगवाले पॅनल चढवत होते तेव्हा मी प्रत्येकाच्या मागचं स्टिकर वाचत होतो (रिकामा माणूस). मेड इन इंडिया, सीरियल नंबर, वॅट, व्होल्ट सगळं होतं. केंद्राच्या कुसुम योजनेतल्या पंपाला (आमची योजना तिलाच जोडलेली) सेल आणि पॅनल दोन्ही देशात बनलेले लागतात अशी अटच आहे, म्हणून मी खुशीत होतो. आमचा भाचा इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला, तो म्हणाला, "मामा, सेल इथला म्हणता, ते ठीक. पण वेफर कुठलंय ते विचारा की." वेफर म्हणजे काय हे मला तेव्हा फक्त बटाट्याचं माहीत होतं.

तर ते असं असतं. आधी शुद्ध सिलिकॉन, त्याला पॉलिसिलिकॉन म्हणतात, ते बनवायला वीज अफाट लागते. ते वितळवून त्याचा ठोकळा, ठोकळ्याचे हिऱ्याची पूड लावलेल्या तारेनं कापलेले कागदासारखे पातळ काप, ते वेफर. वेफरवर प्रक्रिया करून सेल, आणि सेल जोडून, वर काच खाली शीट लावून पॅनल. शेवटची पायरी सगळ्यात सोपी. आपल्या देशात ती शेवटची पायरी जोरात आहे, सरकारी यादीतल्या कारखान्यांची पॅनल बनवायची क्षमता २०२५ मधे १०० गिगावॉटच्या वर गेली (एक गिगावॉट म्हणजे १०० कोटी वॅट). सेलची त्या मानानं खूप कमी. आणि वेफर म्हणाल तर जवळपास सगळं चीनमधनं येतं. नुसतं आपल्याकडंच नाई, जगातल्या वेफरमधे चीनचा वाटा ९५ टक्क्यांच्या वर आहे, आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं २०२२ मधेच सांगितलं होतं की पॅनल बनवायच्या सगळ्याच पायऱ्यांवर चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या पुढं आहे.

गंमत म्हणजे यातलं काहीच चीननं शोधलेलं नाई. सिलिकॉनचा कामाचा सोलर सेल १९५४ ला अमेरिकेतल्या बेल लॅबनं दाखवला, तेव्हा पडलेल्या उन्हातलं ६ टक्केच विजेत यायचं, माझ्या पॅनलचं आज २१ टक्क्यांच्या आसपास येतं. १९७३ ला अरबांनी तेल रोखलं, भाव चौपट झाले (आपल्याकडं तेव्हा ७२ चा दुष्काळ नुकताच भोगून झाला होता, मिलो खाल्लेली माणसं अजून गावात आहेत), त्या धक्क्यानं जपाननं १९७४ ला सनशाईन नावाचा सरकारी प्रकल्प काढला आणि पुढं बरीच वर्षं जपानी कंपन्याच पुढं होत्या. जर्मनीनं २००० साली कायदा करून घरावरच्या सोलरची वीज २० वर्षं ठरलेल्या चढ्या भावानं घ्यायची हमी दिली, म्हणजे जगाला गिऱ्हाईक तयार करून दिलं. माझ्या पॅनलमधे जो पर्क नावाचा सेल आहे त्याची रचना ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या टीमनं केलेली. तिथंच शिकलेल्या शी झेंगरोंग या माणसानं २००१ ला चीनमधे वुशी शहरात सनटेक कंपनी काढली आणि २००५ ला ती थेट न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नेली.

इथं दोन कंपन्या शेजारी शेजारी ठेवून बघा. जर्मनीची क्यू-सेल्स एकेकाळी जगातली सगळ्यात मोठी सेल बनवणारी होती, २०१२ ला दिवाळं निघालं, कोरियाच्या हान्व्हानं विकत घेतली, आणि जर्मनीची सोलर कारखानदारी मागं पडली ती पडलीच. सनटेकचंही २०१३ ला दिवाळं निघालं, पण चीनला काय फरक पडला? काहीच नाई. कारण तोवर एका शहरात काच, दुसऱ्यात वेफर कापायच्या मशिनी, तिसऱ्यात ॲल्युमिनियमच्या फ्रेमा असं सगळं गणगोत उभं राहिलं होतं, एक कंपनी बुडाली तर तिचे कामगार आणि इंजिनिअर पलीकडच्या गेटातनं आत गेले. शोध लावणारा मोठा होतो असं आपल्याला शाळेत शिकवलं. माल विकत घेणारा मोठा तर अजिबात होत नाई. जो बनवत राहतो, तोट्यातसुद्धा बनवत राहतो, त्याच्याकडं शेवटी हात बसतो. सोलरमधे तर हे आकड्यातच दिसतं, जगात आजवर बनलेल्या पॅनलची एकूण संख्या दुप्पट झाली की भाव साधारण २० टक्क्यांनी उतरतो असं अनेक वर्षं चाललंय, मग जो जास्त बनवतो त्याचाच खर्च उतरतो आणि बाकीचे आपोआप बाहेर. १९७६ च्या सुमाराला एका वॅटला आजच्या हिशोबानं १०० डॉलरच्या वर पडायचे, २०२४ मधे चीनच्या बंदरावर १० सेंटच्या आसपास आले होते. एवढं स्वस्त की तिथल्या मोठमोठ्या कंपन्याच तोट्यात गेल्या. पाकिस्तानात त्याच वर्षी साधारण १७ गिगावॉटचे पॅनल उतरले, लोकांनी सरकारी विजेची वाटच सोडून दिली आणि आता तिथल्या वीज खात्याला ठरलेले पैसे भरायला गिऱ्हाईक कमी पडायलेत.

आपल्या सरकारनं एप्रिल २०२२ पासून बाहेरच्या पॅनलवर ४० आणि सेलवर २५ टक्के ड्युटी लावली, त्यामुळं इथला पॅनल चीनच्यापेक्षा महाग पडतो आणि तो फरक शेवटी तुम्ही-आम्हीच भरतो, कधी खिशातनं कधी सबसिडीतनं. माझं म्हणणं विचाराल तर भरायला हरकत नाई. कापूस इथनं जायचा आणि कापड मँचेस्टरहून यायचं, त्यात कुणाचं भलं झालं ते सगळ्यांना माहीतंय. पण जादा पैसे घेऊन नुसतं चिकटवायचं काम इथं राहणार असेल आणि वेफर कायम बाहेरनंच येणार असेल, तर मग स्टिकरवर लिहिलेल्या त्या तीन शब्दांना मी अर्धेच मार्क देतो.

तरी एक गोष्ट डिझेलपेक्षा बरीये आणि ती लई मोठी आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांच्या वर आपण बाहेरनं आणतो. आखातात भांडण लागलं की केजच्या पंपावर भाव, आणि इंजिन रोज प्यायला मागतं. तेलवाल्याची पकड रोजची असते. पॅनलवाल्याची पकड एकदाच, विकत घेताना. उद्या चीननं वेफर द्यायचं बंद केलं तर नवे पॅनल महाग होतील, मिळणारही नाईत कदाचित, पण माझ्या बांधावर जे ९ उभे आहेत ते काही कुणी फोन करून बंद करू शकत नाई. पॅनलला २५ वर्षांची हमी असते, म्हणजे २५ वर्षांनंतरसुद्धा ८० टक्के पॉवर दिली पाहिजे. कागदावर तरी तसंय.

आता एसी का डीसी, म्हणजे मोटार लाईनीला येते तसल्या विजेवर चालणारी का पॅनलमधनं निघते तसल्या सरळ विजेवर चालणारी. हा प्रश्न घेतानाच येतो आणि विक्रेते सांगतात डीसी घ्या, पाणी जास्त. खोटं नाई, तेवढ्याच पॅनलवर डीसी पंप थोडं जास्त पाणी काढतो. पण डीसी मोटारीत चुंबक असतं, निओडिमियमवालं, आणि ते चुंबक ज्या दुर्मिळ धातूंपासून बनतं ते शुद्ध करायचं जगातलं ९० टक्क्यांच्या आसपास काम चीनमधे होतं. एप्रिल २०२५ ला त्यांनी या मालाच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि इकडं आपल्या गाडी कंपन्यांची, इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांची धावपळ झाली, पेपरात आलं होतं. एसी मोटारीत चुंबकच नाई. तांब्याची वायंडिंग, लोखंडाच्या पट्ट्या, बस. ती जळाली तर केजात, अंबाजोगाईत, कुठंही रिवायंडिंगवाला बसलेलाय, भरून देतो. म्हणून मी एसी घेतला, आणि तुम्हालाही तेच सांगीन.

पंपाच्या बाबतीत आपण कमी नाई, हे पण लिहिलं पाहिजे. कोईमतूर, राजकोट इथं गल्लोगल्ली पंप बनतात, परदेशात जातात. आपल्याकडं तर १९१० ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, आधी लोखंडी नांगर, मग पंप. शंभर वर्षं हात बसलाय म्हणून आज तालुक्याच्या ठिकाणी मोटार खोलणारा पोरगा सापडतो.

कंट्रोलर खोलणारा सापडत नाई. आता शिव्यांचा भाग. पहिल्याच पावसात, मृगाचे ढग गडगडले आणि दुसऱ्या दिवशी डिस्प्लेवर एक एरर कोड, मोटार गप्प. कंपनीच्या नंबरवर फोन केला तर बाई गोड बोलते, "सर तुमची तक्रार नोंदवली आहे." नोंदवली ना, माणूस कधी येणार? तर त्याचं उत्तर नाई. ॲपवर फोटो टाका, टाकला. सीरियल नंबर टाका, टाकला. पेरणी झाली, उगवण झाली, मग एक पोरगं आलं, पेटी उघडली, आतलं बोर्ड बघितलं आणि म्हणालं, "काका, हे दुरुस्त नसतंय, बदलायचंच असतंय." नवी पेटी यायला परत थांबा. नशीब पावसाळा होता, हेच जानेवारीत झालं असतं तर हरभरा वाळला असता. ५ वर्षं देखभाल आणि विमा दोन्ही त्यातच आहे, पैसे लागले नाईत हे खरं, पण पाच वर्षांनी काय? तेव्हा ही पेटी पडली तर?

त्या पेटीत पॅनलच्या डीसीचं थ्री फेज एसी करायचं काम आयजीबीटी नावाचा एक चिमुकला पार्ट करतो. हा पार्ट बनवला बी. जयंत बालिगा यांनी, जन्म मद्रासचा, शिक्षण आयआयटी मद्रासचं, पण शोध लावला तो १९८० च्या आसपास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधे. २०२४ चं फिनलंडचं मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राईज त्यांना मिळालं. आणि हे पार्ट बनवण्यात आज दबदबा कुणाचा, तर जर्मनी आणि जपानच्या कंपन्यांचा, मागनं चीन पळत येतोय. म्हणजे डोकं आपलं, कारखाना दुसऱ्याचा, आणि केजच्या वावरात बंद पडलं की दुरुस्त करायला कुणी नाई. बिडकीन-शेंद्र्याला मोठमोठे इलेक्ट्रिक गाड्यांचे प्रकल्प येणार आहेत म्हणतात, चांगलंच आहे, आमच्या भाच्यासारख्यांना नोकऱ्या लागतील. पण मला विचाराल तर मराठवाड्यातल्या प्रत्येक आयटीआयमधे सोलर पंपाचा कंट्रोलर खोलून शिकवणारा एक एक वर्ग काढा आधी. एवढे पंप बसवून ठेवलेत, पाच-सहा वर्षांनी या पेट्या एकदमच पडायला लागतील.

अजून एक, हे विक्रेता सांगणार नाई. पाणी उपसायला पैसे लागत नाईत म्हटल्यावर माणूस उपसत राहतो. पहिल्या हिवाळ्यात मीच बघितलं, आमच्या शिवारात ज्याच्या त्याच्या बांधावर पॅनल, आणि दुपारी सगळ्या मोटारी एकदम चालू, संक्रांतीनंतर विहिरींनी तळ दाखवला. लाईट निदान आठ तासात जायची. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं ते काही लई जुनं नाई. कंट्रोलरमधे ड्राय रन प्रोटेक्शन असतं, पाणी संपलं की मोटार बंद होते, त्यानं मोटार वाचते, विहीर वाचत नाई.

छोट्या छोट्या गोष्टी: स्ट्रक्चरच्या खड्ड्यात सिमेंट किती घालतात ते समोर उभं राहून बघा, उन्हाळी वावटळीत पॅनलचा पतंग झालेला बघितलाय. पॅनल दक्षिणेला तोंड करून बसवले का बघा आणि लिंबाची सावली दुपारी तीनला कुठवर येते ते आधीच मोजा, एका पॅनलवर अर्धी सावली पडली तरी सगळी ओळ ढिली पडते. वानरांचा त्रास असेल तर जाळी लावा. केबल जमिनीतनं पाईपात घालून घ्या, उंदीर कुरतडतात. पॅनल, मोटार, कंट्रोलर तिघांच्या सीरियल नंबरचे फोटो बसवायच्या दिवशीच काढून ठेवा, तक्रार करताना नंबरशिवाय पुढं सरकत नाई.

मार्क द्यायचे तर पाण्याला पाचपैकी साडेचार, पॅनलला चार, मोटारीला साडेचार, कंट्रोलरला अडीच, सर्व्हिसला एक, तो पण पोरगं बिचारं भर पावसात मोटारसायकलवर आलं म्हणून. विहीर असेल आणि रातच्या पाळीला कंटाळला असाल तर घ्या, एसीच घ्या. बोअर असेल आणि पाणी सव्वातीनशे फुटाच्या खाली असेल तर ५ एचपीच्या नादी लागू नका, या योजनेतला पंप १०० मीटरच्या हेडपर्यंतच (पाणी जेवढं उंच चढवायचं ते हेड) धरलेला असतो, त्याच्या खाली धार लागत नाई. आणि जुनं लाईटचं कनेक्शन असेल तर अर्ज करायच्या आधी त्याचं काय होणार ते लेखी विचारून घ्या.